पातळी

पांढऱ्या पेशी घसरल्या म्हणून
डॉक्टर गर्गांनी पाचवं सलाइन पुढे ढकललं.
"पंधरा दिवस सुट्टी," म्हणाले,
वर्गात नोटीस घेऊन शिपाई यावा तसे.
मला खरंच बाकावरून उठून पळावंसं वाटलं.

मृणालने टोरांटोहून फोटो धाडले :
बारा मजली जहाज, गच्चीवर पोहायचा तलाव,
समुद्रात असून वर आणखी पाणी!
"बरी झालीस की जाऊ, आई."
बरी झालीस की.
या धक्क्याला आमच्या घरातली सगळी जहाजं
नांगर टाकून उभी आहेत.

नलूवन्सं म्हणाल्या, तोवर तिघऱ्याला जाऊ.
माझ्यासाठी मऊ दहीभात, मोहरीसुद्धा न घालता,
स्वतःसाठी नया बाजारातली बेडई,
आणि रिक्षाभर तिचा वास.

एकतीस वर्षं मी जलविभागात कारकून होते.
रोज साडेदहाला फोन वाजायचा :
"हैलो, तिघरा बोल रहा हूँ."
माणसाचं नाव कधी कळलं नाही.
धरणाला कोण नाव विचारतं?
तो आकडा सांगायचा, मी लिहायची निळ्या शाईने,
फार उतरला की लाल,
मग लष्करपासून मुरारपर्यंत नळ एक दिवसाआड.
ज्याचं पाणी जन्मभर प्याले, ज्याची नाडी रोज लिहिली,
ते धरण मी पाहिलेलंच नव्हतं.
रविवारी कपडे असायचे.

बोट पत्र्याच्या छपराची. कपाळावर पिवळ्या रंगात 'क्रूज',
त्यातल्या 'ज'चा पाय उडालेला.
नारिंगी जाकिटाचा पट्टा नेमका
गळ्याखालच्या पोर्टवर आला.
वन्संनी काही न बोलता मधे रुमाल सरकवला.

"अम्मा, हाथ पानी में मत डालना, मगर हैं."
मला हसू फुटलं.
आत खेकडा, बाहेर मगर,
मधे मी, तिकीट काढून!
वन्संना वाटलं ठसका लागला. त्यांनी मनगट धरलं,
सुयांनी निळं पडलेलं, ते.

मधोमध त्याने इंजिन बंद केलं.
एवढी शांतता की बाटलीतलं पाणी डुचमळलेलं ऐकू आलं.
मी स्कार्फ सोडला.
कपाळापासून मानेपर्यंत वारा
कुठेही न अडखळता गेला.
केस होते तेव्हा हे कधी कळलंच नव्हतं.
समोरचं पोर टक लावून बघत होतं.
आईने त्याचं डोकं वळवलं, ते परत वळलं.
मी भुवया उडवल्या, म्हणजे भुवया होत्या त्या जागा.
ते हसलं.

मग भिंतीवर ती पट्टी दिसली,
पांढऱ्यावर काळे आकडे :
सातशे पस्तीस, वर दोन बोटं.
उजवा हात आपोआप पेन शोधू लागला.
इथेच कुठेतरी उभा राहून तो वाचत असणार,
जूनमध्ये डोळ्यांवर हात धरून,
थंडीत मफलर गुंडाळून,
आणि मी पलीकडून म्हणायची, "जोर से बोलो."

लॅबमधली मुलगीही माझं नाव विचारत नाही.
आकडा लिहिते. कमी असला की लाल.
तिच्यावर राग नाही माझा,
तिच्याही मागे कुणी तहानलेलं शहर असेल.

दोन घोट पाणी प्याले. आजही लोखंडाची चव.
चव पाण्याची नाही, हे ठाऊक आहे.
तरी बाटलीला म्हटलं, असू दे.

काठाला लागताना फोन वाजला.
"आई, कुठेयस? वारा कसला? रिपोर्ट आला का?"
"हैलो," मी म्हटलं, "तिघरा बोल रहा हूँ."
"काय? आई, काउंट किती?"
"सातशे पस्तीस. वर दोन बोटं."
"किती?"
मी पुन्हा सांगितलं, जोरात.
वन्सं डबा उघडत होत्या.